एका खोलीतून चार हजार चौक : लॉस एंजेलिसच्या केंद्रीय सिग्नल व्यवस्थेचा इतिहास

१९८४च्या उन्हाळी ऑलिंपिकच्या तोंडावर लॉस एंजेलिस शहराने मेमोरियल कोलिझियम मैदानाच्या आसपासचे ११८ सिग्नल एका संगणकाला जोडले. रस्त्यात पुरलेले ३९६ डिटेक्टर वाहनांची माहिती मध्यवर्ती कक्षाला पाठवू लागले आणि कोणत्या चौकात हिरवा दिवा किती वेळ राहावा, हे अभियंत्यांना तिथे बसून बदलता येऊ लागले. ‘ऑटोमेटेड ट्रॅफिक सर्व्हेलन्स अँड कंट्रोल’ असे या व्यवस्थेचे लांबलचक नाव आहे. ओळखली जाते ती ‘ॲटसॅक’ या आद्याक्षरी नावाने. २०१३ साली शहरातले जवळजवळ सगळे, म्हणजे सुमारे ४,४०० सिग्नल तिच्या कक्षेत आले. एवढ्या मोठ्या शहराचे सगळे सिग्नल एका केंद्रातून एकमेकांशी जुळवण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यासाठी २९ वर्षे गेली आणि सुमारे ४० कोटी डॉलर खर्च झाले.

कोपऱ्यावरची पेटी

मोटारगाडीने लॉस एंजेलिसला फार लवकर गाठले. १९२०च्या दशकात दरडोई मोटारींच्या बाबतीत हे शहर अमेरिकेतल्या इतर मोठ्या शहरांच्या पुढे होते. त्या काळी तिथल्या चौकांत ‘ॲक्मे’ कंपनीचे सिग्नल उभे होते. खांबावर ‘स्टॉप’ आणि ‘गो’ लिहिलेल्या दोन दांड्या आळीपाळीने वर-खाली होत, जोडीला लाल-हिरवे छोटे दिवे असत आणि दांडी बदलण्याच्या वेळी घंटा वाजे. १९२५ मध्ये वाहतूकतज्ज्ञ मिलर मॅक्लिंटॉक यांनी तयार केलेली नियमावली शहराने लागू केली. पादचाऱ्यांनी ठरलेल्या जागीच आणि सिग्नल पाळूनच रस्ता ओलांडावा, असे बंधन तिने घातले. पुढे अनेक अमेरिकी शहरांनी हा नमुना उचलला. रस्त्यावरची वेळ कोणाच्या वाट्याला किती, हा प्रश्न असा सिग्नलच्या बालपणापासूनच त्याला चिकटलेला आहे.

दांड्या जाऊन तीन रंगांचे दिवे आले, तरी वेळ ठरवण्याची जागा चौकच राहिली. कोपऱ्यावर एक लोखंडी पेटी असे. आत विजेच्या मोटरवर फिरणारी तबकडी आणि तिच्या कडेला खोचलेल्या खुंट्या असत. तबकडीचा एक फेरा म्हणजे सिग्नलचे एक आवर्तन. खुंटी ठरावीक जागी आली की दिवा बदले. चांगल्या पेटीत अशा तीन तबकड्या असत : सकाळच्या गर्दीसाठी एक, संध्याकाळसाठी एक आणि उरलेल्या वेळेसाठी एक. वेळ बदलायची तर कर्मचाऱ्याने जागेवर जाऊन पेटी उघडायची आणि खुंट्या काढून दुसरीकडे खोचायच्या. वीज गेली की तबकडी थांबे आणि वीज आल्यावर शेजारच्या चौकाशी तिचा मेळ राहत नसे. दिवा बंद पडल्याचे महापालिकेला कळे ते बहुतेक वेळा एखाद्या नागरिकाने फोन केल्यावरच.

आवर्तन, वाटणी आणि अंतर

केंद्रीय व्यवस्थेने नेमके काय आपल्या हाती घेतले, हे समजण्यासाठी तीन संख्या लक्षात घ्याव्या लागतात. पहिली, आवर्तनकाल : सगळ्या दिशांना एकेकदा हिरवा दिवा मिळून चक्र पूर्ण व्हायला लागणारा वेळ. दुसरी, वाटणी : त्या वेळातला कोणत्या दिशेला किती हिस्सा द्यायचा. तिसरी, कालांतर : एका चौकात हिरवा दिवा लागल्यापासून किती सेकंदांनी पुढच्या चौकात तो लागावा.

यातली तिसरी संख्या एका चौकापुरती ठरवताच येत नाही. दोन चौकांत ४०० मीटर अंतर असेल आणि वाहने ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असतील, तर पहिल्या चौकातून सुटलेला घोळका दुसऱ्या चौकात ३६ सेकंदांनी पोहोचतो. तिथला हिरवा दिवा तेवढाच उशिरा लागला तर वाहनांना न थांबता पुढे जाता येते. मात्र समोरून येणाऱ्या घोळक्यालाही तीच सोय मिळेल याची खात्री नसते. ती चौकांमधली अंतरे आणि आवर्तनकाल यांच्या मेळावर अवलंबून असते, आणि बरेचदा एका दिशेची सोय दुसऱ्या दिशेच्या मुळावर येते. उभ्या-आडव्या रस्त्यांच्या जाळ्यात तर एका चौकातला बदल आसपासच्या सगळ्या चौकांना भोवतो. अनेक चौकांचा विचार एकत्र करणारी जागा हवी, ही गरज इथून निर्माण झाली.

त्या गरजेला मोठा इतिहास आहे. सॉल्ट लेक सिटीत १९१७ साली सहा चौकांचे सिग्नल एकमेकांना जोडून एकाच ठिकाणाहून हाताने चालवले जात होते. एकट्या चौकाची वेळ कशी काढावी, याचे सूत्र ब्रिटिश संशोधक एफ. व्ही. वेब्स्टर यांनी १९५८ मध्ये मांडले. संगणकाची पहिली मोठी कसोटी कॅनडात लागली. १९५०च्या टोरांटो प्रदर्शनात फुली-गोळा खेळणारे ‘बर्टी द ब्रेन’ हे यंत्र मांडणारे अभियंते जोसेफ केट्स यांच्या सल्लागार कंपनीने टोरांटो शहरासाठी आधी मोजक्या चौकांवर प्रयोग केला. १९६३ मध्ये तिथे ‘युनिव्हॅक ११०७’ संगणकावर सिग्नल चालू लागले आणि संगणकाच्या हाती सिग्नल सोपवणारे टोरांटो हे जगातले पहिले शहर ठरले. दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये डेनिस रॉबर्टसन यांनी रस्त्यांच्या संपूर्ण जाळ्याचे वेळापत्रक काढणारी ‘ट्रान्झिट’ ही आज्ञावली तयार केली. पुढच्या दशकात ऑस्ट्रेलियात सिडनीची ‘स्कॅट्स’ आणि ब्रिटनमध्ये ‘स्कूट’ या व्यवस्था आल्या. दोन्ही रस्त्यावरच्या गर्दीप्रमाणे वेळा आपोआप बदलत.

अमेरिकेच्या केंद्रीय महामार्ग प्रशासनाने १९७०च्या दशकात वॉशिंग्टन शहरात तीन प्रकारची नियंत्रणे तपासून पाहिली. पहिल्या प्रकारात वेळापत्रके आधीच तयार ठेवून त्यातले योग्य ते निवडले जाई. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात संगणक दर थोड्या वेळाने नवे वेळापत्रक बनवी. चलाख वाटणाऱ्या नंतरच्या दोन प्रकारांपेक्षा पहिला साधा प्रकारच सरस ठरला. याचे एक कारण असे की, वेळापत्रक बदलले की नव्या कालांतरावर स्थिरावण्यासाठी सिग्नलना काही आवर्तने लागतात आणि तेवढ्या वेळात मेळ बिघडतो. बदल वारंवार केले तर होणारा फायदा त्यातच खर्ची पडतो. लॉस एंजेलिसने सुरुवात केली ती याच केंद्रीय प्रकल्पातून पुढे आलेल्या आज्ञावलीवर. परिस्थितीनुसार स्वतः वेळा बदलणारी प्रणाली शहराच्या अभियंत्यांनी नंतर स्वतः विकसित केली.

ऑलिंपिकची मुदत

महापौर टॉम ब्रॅडली यांच्या कारकिर्दीत शहराने ऑलिंपिकचे यजमानपद घेतले, तेव्हा सर्वांत मोठी धास्ती होती ती वाहतूककोंडीची आणि धुरक्याची. २८ जुलै ते १२ ऑगस्ट १९८४ या काळात लाखो प्रेक्षक शहरभर विखुरलेल्या मैदानांकडे जाणार होते. नवे फ्रीवे बांधायला वेळ नव्हता आणि पैसाही नव्हता. आहेत त्या रस्त्यांचा नीट वापर करणे एवढाच मार्ग उरला होता. एरवी वर्षानुवर्षे रेंगाळला असता असा प्रकल्प खेळांच्या ठरलेल्या तारखेने पुढे रेटला. वाहतूक विभागातले एडविन रो यांनी तो उचलून धरला आणि कोलिझियमच्या परिसरातला पहिला टप्पा खेळांच्या आधी सुरू झाला.

खेळांच्या दिवसांत शहरातली वाहतूक सर्वांच्या अपेक्षेपेक्षा सुरळीत चालली. त्याचे श्रेय एकट्या संगणकाचे नव्हते. कचेऱ्यांनी कामाच्या वेळा पुढेमागे केल्या, मालवाहू ट्रकांच्या फेऱ्या रात्रीवर ढकलल्या गेल्या, प्रेक्षकांसाठी जादा बस धावल्या, मैदानाजवळचे काही रस्ते एकेरी केले गेले आणि कोंडीच्या धास्तीने अनेकांनी गाड्या बाहेर काढल्याच नाहीत. तरीही सामना सुटल्यावर एका भागातून अचानक बाहेर पडणाऱ्या गर्दीला कक्षातून वाट करून देता येते, हे त्या दोन आठवड्यांत दिसले. तात्पुरती सोय म्हणून उभारलेली यंत्रणा त्यामुळे खेळ संपल्यावर मोडीत निघाली नाही.

डांबराखालची तार

व्यवस्थेची ज्ञानेंद्रिये रस्त्यातच आहेत. चौकाच्या थोडे अलीकडे प्रत्येक लेनमध्ये करवतीने डांबरात खाच पाडतात, तीत तारेचे वेढे बसवून खाच बुजवून टाकतात. तारेतून सतत हलका विद्युतप्रवाह सोडलेला असतो. धातूची गाडी वर आली की वेढ्याचा विद्युत गुणधर्म बदलतो आणि कोपऱ्यावरच्या पेटीतले उपकरण तो बदल टिपते. किती गाड्या गेल्या आणि प्रत्येक गाडी वेढ्यावर किती वेळ होती, या दोनच गोष्टी त्यातून कळतात. पण त्या पुरेशा असतात. गाड्यांची संख्या मोठी आणि वेढा व्यापलेला वेळ कमी, तर वाहतूक वाहती आहे. संख्या घटली आणि वेढा मात्र सतत व्यापलेला राहिला, तर रांग अडकली आहे. ही माहिती दर सेकंदाला केंद्राकडे जाते.

केंद्र होते सिटी हॉल ईस्ट या इमारतीत, जमिनीखाली चार मजले. भिंतीवर कॅमेऱ्यांची दृश्ये, समोर शहराचा नकाशा आणि नकाशावर सिग्नलांच्या खुणा. एखादा सिग्नल बिघडला किंवा त्याचा संपर्क तुटला तर ते नकाशावर लगेच उमटे आणि दुरुस्तीचे पथक रवाना होई. गर्दी किती कमी झाली यावर वाद घालता येतो. बिघाड तासांऐवजी मिनिटांत कळू लागला, याबद्दल मात्र वादाला जागा नव्हती. अपघात, आग, मोर्चा किंवा ऑस्कर समारंभाच्या संध्याकाळी हॉलिवूडकडे निघालेल्या लांबलचक लिमोझिन गाड्या, अशा प्रसंगी त्या भागातले वेळापत्रक कक्षातून तात्पुरते बदलता येई. केंद्राशी संपर्क तुटला तरी चौक अंधारात पडत नसे. कोपऱ्यावरचा नियंत्रक आपल्याजवळ साठवलेल्या वेळापत्रकावर काम चालू ठेवी.

भूकंपानंतरचे तीन महिने

१७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे साडेचारच्या सुमारास ६.७ क्षमतेच्या नॉर्थरिज भूकंपाने शहर हादरले. सांता मोनिका फ्रीवेचे ला सिएनेगा आणि फेअरफॅक्स रस्त्यांजवळचे पूल कोसळले. दररोज तीन लाखांच्या आसपास वाहने वाहणारा हा रस्ता अमेरिकेतल्या सर्वाधिक वर्दळीच्या रस्त्यांपैकी होता. ती सगळी वाहने आता आजूबाजूच्या साध्या रस्त्यांवर आणि त्यांच्या सिग्नलांवर येऊन पडली.

योगायोगाने याच पट्ट्यात ‘स्मार्ट कॉरिडॉर’ नावाचा प्रकल्प आकार घेत होता. फ्रीवे राज्याच्या ताब्यात, त्याला समांतर रस्ते शहराच्या ताब्यात आणि गस्त महामार्ग पोलिसांकडे, अशी कामे वाटलेली होती. ती एकत्र जोडणे हा त्याचा हेतू होता. पूल पडल्यावर हे सहकार्य कागदावरून थेट रस्त्यावर आणावे लागले. वळवलेल्या मार्गांवरच्या सिग्नलांची वेळापत्रके केंद्रातून बदलली गेली आणि दिवसागणिक रांगा पाहून त्यांत सुधारणा होत गेल्या. एकेका चौकात जाऊन खुंट्या सरकवण्याच्या काळात हे शक्य झाले नसते. मुदतीआधी काम संपवल्यास दररोज दोन लाख डॉलर बक्षीस अशी अट कंत्राटात होती. ठेकेदाराने १४० दिवसांचे काम ६६ दिवसांत पुरे केले आणि एप्रिलमध्ये फ्रीवे पुन्हा खुला झाला. ऑलिंपिक ठरवून आलेला प्रसंग होता. भूकंपाने न ठरवता तीच परीक्षा घेतली, आणि सिग्नलांवरचा खर्च आपत्कालीन तयारीचाही खर्च आहे, हा मुद्दा नगरपरिषदेत मांडणे पुढे सोपे झाले.

पैसा, टप्पे आणि नवे दावेदार

तरीही विस्तार संथ होता. प्रत्येक नव्या भागात रस्ते खोदायचे, फायबरच्या केबल टाकायच्या, जुन्या पेट्या काढून नवे नियंत्रक बसवायचे आणि डिटेक्टर पुरायचे. एका चौकाचा खर्च फ्रीवेच्या तुलनेत किरकोळ असला तरी चौक हजारोंनी होते. पैसा अनेक खिशांतून आला. मोठ्या इमारती बांधणाऱ्यांकडून वाहतूक शुल्क घेतले गेले, काउंटीतल्या मतदारांनी १९९० मध्ये वाहतुकीसाठी अर्धा टक्का विक्रीकर मंजूर केला आणि २००६ मध्ये राज्याच्या रोख्यांतून सिग्नल जुळवणीसाठी राखलेल्या २५ कोटी डॉलरपैकी १५ कोटी लॉस एंजेलिसच्या वाट्याला आले. अखेरचे टप्पे पुरे झाले ते मुख्यतः या शेवटच्या रकमेमुळे.

दरम्यान हिरव्या दिव्यातल्या सेकंदांवर नवे दावेदार उभे राहिले. जून २००० मध्ये विल्शर-व्हिटियर आणि व्हेंचुरा या रस्त्यांवर ‘मेट्रो रॅपिड’ या जलद बस सुरू झाल्या. त्यांच्यावर ओळख सांगणारे उपकरण असे. उशीर झालेली बस चौकाजवळ आली की रस्त्यातला वेढा तिला ओळखी आणि संगणक हिरवा दिवा काही सेकंद लांबवी किंवा लवकर लावी. बसचा प्रवासकाळ सुमारे चौथाईने घटला. त्यातला मोठा वाटा थांबे कमी केल्याचा होता. सुमारे एक तृतीयांश वाटा सिग्नलच्या सवलतीचा निघाला. तोवर संगणकाच्या लेखी साठ प्रवाशांची बस आणि एकट्या माणसाची मोटार ही दोन्ही सारखीच एकेक वाहने होती.

सिनेगॉगजवळच्या काही चौकांची गोष्ट वेगळी आहे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतच्या शब्बाथमध्ये सनातनी ज्यू विजेचे उपकरण चालवत नाहीत, त्यामुळे रस्ता ओलांडण्याचे बटण दाबणेही त्यांना वर्ज्य असते. अशा ठिकाणी शब्बाथच्या वेळेत आणि ज्यू सणांना पादचाऱ्यांचा दिवा बटण न दाबताच लागतो. सणांच्या तिथ्या संगणकाच्या पंचांगातच घातलेल्या आहेत.

खोलीची किल्ली

सगळे चौक एका खोलीतून चालवता येतात, तर बिघडवताही येतात. २००३ मध्ये आलेल्या ‘द इटालियन जॉब’ या चित्रपटात चोरांची टोळी लॉस एंजेलिसचे सिग्नल ताब्यात घेऊन सोन्याच्या गाडीची वाट वळवते. तीन वर्षांनी प्रत्यक्षात जे घडले ते आतून घडले. ऑगस्ट २००६ मध्ये शहराच्या अभियंत्यांचा वेतनकराराचा वाद चिघळून संपाची वेळ आली. प्रशासनाने खबरदारी म्हणून नियंत्रणप्रणालीत शिरण्याची मुभा मोजक्या लोकांपुरती ठेवली होती. तरीही दोन अभियंत्यांनी आत शिरून चार गर्दीच्या चौकांचे सिग्नल केंद्रापासून तोडले आणि ते पुन्हा जोडता येऊ नयेत अशी व्यवस्था केली. अपघात झाला नाही, पण कोंडी झाली आणि पूर्वस्थिती यायला चार दिवस लागले. पुढे दोघांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. बाहेरच्या हल्लेखोराइतकाच आतला जाणकार धोक्याचा असतो, याचे उदाहरण म्हणून संगणक सुरक्षेच्या चर्चांत या घटनेचा उल्लेख होतो.

हिशेब

२०१३च्या सुरुवातीला महापौर अँतोनिओ व्हियारायगोसा यांच्या कार्यकाळाच्या अखेरीस काम पूर्ण झाले. सुमारे १,२०० चौरस किलोमीटरच्या शहरातला जवळजवळ प्रत्येक सिग्नल केंद्राशी जोडला गेला. शहराच्या अंदाजानुसार वाहनांचा सरासरी वेग ताशी १५ मैलांवरून १७.३ मैलांवर गेला, म्हणजे सुमारे १५ टक्क्यांनी वाढला, आणि मोठ्या चौकांतला खोळंबा १२ टक्क्यांनी घटला. पाच मैलांच्या, म्हणजे आठ किलोमीटरच्या प्रवासात २० मिनिटांऐवजी सुमारे १७ मिनिटे लागू लागली.

तीन मिनिटांची ही बचत लहान वाटते. लाखो फेऱ्यांनी गुणली की मोठी होते. तिला मर्यादाही दोन आहेत. पहिली मर्यादा जागेची. पुढच्या चौकाची रांग मागच्या चौकापर्यंत पोहोचली की हिरवा दिवा असूनही गाड्या हलत नाहीत, आणि मग कितीही अचूक कालांतर निरुपयोगी ठरते. दुसरी मर्यादा माणसांच्या वागण्याची. रस्ता मोकळा झाला की दुसऱ्या वेळी, दुसऱ्या वाटेने किंवा बसने जाणारे लोक त्याच रस्त्यावर परततात. गर्दीच्या वेळच्या वेगवान रस्त्यांबद्दल अँथनी डाउन्स या अर्थशास्त्रज्ञाने हे १९६२ मध्येच मांडले होते. लॉस एंजेलिसची कोंडी देशातल्या सर्वांत वाईट कोंडींमध्ये गणली जाणे २०१३ नंतरही थांबले नाही.

केंद्रीय व्यवस्थेने सेकंदांची वाटणी शहराच्या हाती दिली. कोणाला किती द्यायचे, ते ठरवण्याचे काम मात्र धोरणाचेच राहिले. त्या धोरणातला बदल थोड्याच वर्षांत दिसला. ऑगस्ट २०१५ मध्ये महापौर एरिक गार्सेटी यांनी रस्त्यांवरचे मृत्यू शून्यावर आणण्याचे ‘व्हिजन झीरो’ धोरण जाहीर केले. त्यानुसार अनेक चौकांत पादचाऱ्यांचा दिवा गाड्यांच्या हिरव्या दिव्याच्या काही सेकंद आधी लागू लागला, जेणेकरून वळणाऱ्या चालकाला रस्ता ओलांडणारा माणूस आधीच समोर दिसावा. हे सेकंद गाड्यांच्या वाट्यातूनच कापले जातात. गाड्यांचा खोळंबा कमी करण्यासाठी उभारलेले केंद्र असे तीस वर्षांनी, सुरक्षिततेसाठी तोच खोळंबा थोडा वाढवण्याचे साधनही झाले.